पाठ टेकल्यानंतरची लढत

(तालमी आणि व्यायामशाळा चालविणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अमेरिकेतील एखाद्या मध्यम वस्तीच्या गावात रविवारी सकाळी शाळेचे क्रीडागृह उघडते. बास्केटबॉलच्या मैदानावर गाद्या अंथरल्या जातात आणि त्यांचे सहा-आठ चौकोन आखले जातात. प्रत्येक चौकोनापाशी एक टेबल, एक घड्याळ आणि गुण मांडणारा एक स्वयंसेवक. दाराशी वजनकाटा. जाड सुती अंगरखे घातलेली मुले रांगेत उभी असतात. कुणाच्या कमरेला पांढरा पट्टा, कुणाच्या करडा, कुणाच्या पिवळा. सर्वांत लहान मूल जेमतेम पाच वर्षांचे असते आणि त्याची लढत दोन मिनिटांची असते. ती पुष्कळदा दोन मिनिटेही चालत नाही. समोरचा मुलगा पायाला मिठी मारतो, हे मूल पाठीवर आदळते, हात अडकतो, गादीवर दोनदा थाप पडते आणि पंच लढत थांबवितो. विजयी मुलाचा हात उंचावला जातो. हरलेले मूल आईकडे धावते.

ब्राझिलियन जिउ-जित्सू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाच्या प्रादेशिक स्पर्धा अशा असतात. वृत्तपत्रांत त्यांची बातमी येत नाही, दूरचित्रवाणीवर त्या दिसत नाहीत. परंतु या खेळाने गेल्या तीन दशकांत जगभर जो विस्तार साधला, त्याचे रहस्य त्याच्या विश्वविजेत्यांत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. आईकडे धावत गेलेले ते मूल पुढच्या आठवड्यात पुन्हा व्यायामशाळेत येते की नाही, यावर तो सारा डोलारा उभा आहे. आजचा विषय त्या मुलापुरता आहे.

खांदे टेकले, पुढे काय?

मातीतल्या कुस्तीच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हा खेळ प्रथम पाहताना चमत्कारिक वाटतो. आपल्याकडे पाठ लागली की निकाल लागला. चीतपट झालेल्या मल्लाने उठावे, माती झाडावी आणि निघावे. जिउ-जित्सूत पाठ टेकणे ही लढतीतील एक अवस्था आहे. खाली पडलेल्याने आपल्या दोन पायांच्या साहाय्याने वरच्याला रोखून धरायचे असते. या स्थितीला ते 'गार्ड' म्हणतात, आणि तीत निष्णात असलेला खेळाडू पुष्कळदा स्वतःहून खाली बसतो. तेथून वरच्याला उलथवून त्याच्यावर आल्यास दोन गुण मिळतात. उभ्या लढतीत प्रतिस्पर्ध्याला पाडल्याचेही दोनच. वरच्याने पायांचा अडसर ओलांडला तर तीन, छातीवर मांड ठोकली तर चार, पाठीवर स्वार होऊन दोन्ही पाय आत गुंफले तरीही चार. प्रत्येक स्थिती तीन सेकंद टिकविली तरच गुण पदरात पडतो. नुसती झटापट मोजली जात नाही.

या गुणांवर एका क्षणात पाणी पडू शकते, ही यातील गंमत. बारा गुणांनी पिछाडीवर असलेल्या मुलाने शेवटच्या पाच सेकंदांत प्रतिस्पर्ध्याचा हात कोपरात अडकविला आणि त्याने थाप दिली, तर लढत पिछाडीवरचा मुलगा जिंकतो. थाप म्हणजे पराभवाचा स्वीकार. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर, गादीवर किंवा स्वतःच्या अंगावर तळहाताने दोनदा स्पष्टपणे थोपटायचे. हात मोकळे नसतील तर पायाने. तेही शक्य नसेल तर तोंडाने सांगायचे. एखाद्या पेचात सापडलेल्या खेळाडूच्या तोंडून वेदनेचा उद्गार निघाला तर तोही पराभव मानला जातो. मोठ्यांना हा नियम कधी कधी जाचक वाटतो. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्याच्याइतका शहाणा नियम दुसरा नसेल, कारण त्या वयात रडू आधी येते आणि थाप देण्याचे भान नंतर.

शरीराच्या भाषेत 'पुरे' म्हणण्याचा हा अधिकार हाच या खेळातील बालशिक्षणाचा गाभा आहे. ज्याने थाप दिली त्याचा हात त्याच क्षणी सोडायचा, हे जिंकणाऱ्याला शिकावे लागते. वेळीच थाप देणे हे हरणाऱ्याला शिकावे लागते, आणि ते अधिक अवघड आहे.

कोणी कोणाशी लढावे

या खेळाचे नियम बनविणाऱ्या संस्थांत सर्वांत प्रभावी असा आंतरराष्ट्रीय महासंघ कार्लोस ग्रेसी ज्युनियर यांनी १९९४ मध्ये स्थापन केला. त्याच्या नियमावलीतील दोन-तीन तपशील आपल्या कामाचे आहेत.

वय जन्मवर्षावरून धरले जाते. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केले की गट ठरला. महिन्यांचा वाद उरत नाही. सहा वर्षांपर्यंतच्यांना दोन मिनिटे, सात ते नऊ वर्षांच्यांना तीन, दहा ते पंधरा वर्षांच्यांना चार, सोळा-सतरा वर्षांच्यांना पाच. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पट्टे वेगळे आहेत: पांढऱ्यानंतर करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा. पिवळा सातव्या वर्षाआधी नाही, नारिंगी दहाव्याआधी नाही, हिरवा तेराव्याआधी नाही. सोळाव्या वर्षी निळा पट्टा मिळण्याची वाट मोकळी होते आणि तेथून मोठ्यांचे जग सुरू होते. कितीही अलौकिक मूल असले तरी त्याला वयाची पायरी ओलांडता येत नाही. आपल्याकडे हुशार पोराला दोन इयत्ता वर चढविण्याची जी हौस असते, ती येथे चालत नाही.

मोठ्या वयात प्रथमच गादीवर उतरणाऱ्यांचाही विचार त्यांनी केला आहे. वयाच्या तिशीपासून स्वतंत्र गट सुरू होतात आणि ते साठीपलीकडे जातात. पंचेचाळीस वर्षांचा एखादा बँक कर्मचारी पांढरा पट्टा बांधून आपल्याच वयाच्या, आपल्याच वजनाच्या, आपल्याइतक्याच नवख्या माणसाशी पाच मिनिटे लढतो आणि सोमवारी कचेरीत जातो. महासंघाच्या जागतिक स्पर्धेत पांढऱ्या पट्ट्याला प्रवेशच नाही. ती निळ्यापासून सुरू होते. म्हणजे नवशिक्यांसाठी प्रादेशिक स्पर्धा हीच पंढरी. ते मैदान नीट चालले नाही तर त्यांना दुसरे मैदानच नाही.

वजनाची पद्धत तर मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. खेळाडूचे वजन अंगावर पोशाख असताना, त्याच्या पहिल्या लढतीच्या थोडे आधी, एकदाच केले जाते. वजन जास्त भरले तर तो बाद. दुसरी संधी नाही. त्यामुळे आदल्या दिवशी उपाशी राहून, घाम गाळून वजन उतरवायचे आणि रात्रभरात पाणी पिऊन ते पुन्हा भरून काढायचे, या अघोरी प्रकाराला फारशी जागा राहत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण वजन उतरविण्याच्या नादात जवळपास महिनाभराच्या अंतराने मरण पावले; त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीचे वजनाचे नियम बदलले. वजनाचा काटा किती निष्ठुर असतो हे २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाटच्या निमित्ताने साऱ्या भारताने पाहिले. अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी शंभर ग्रॅम वजन जास्त भरले आणि पदक गेले. ती प्रौढ, कसलेली मल्ल होती. दहा वर्षांच्या मुलाला जेवणाचे ताट दूर सारायला लावणारा प्रशिक्षक ज्या देशात असेल, तेथे त्याला गादीजवळ फिरकू देता कामा नये. असे प्रशिक्षक आहेत. तेथेही आहेत.

पंचाचा हात

मुलांच्या गटात निषिद्ध पेचांची यादी लांबलचक आहे. पायाच्या घोट्यावरचा सरळ पेच सोळा वर्षांखाली कोणालाही लावता येत नाही. समोरून मान काखेत दाबून गळा आवळण्याचा पेच बारा वर्षांपर्यंत वर्ज्य. मनगट पिरगळण्याचा पेच मुलांना वर्ज्य आहेच, पण पांढऱ्या पट्ट्याच्या प्रौढालाही वर्ज्य आहे. उभ्या प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला उडी मारून पायांचा विळखा घालणेही पांढऱ्या पट्ट्याला मना आहे, कारण चुकीच्या उडीने समोरच्याचा गुडघा जातो. खालच्याला उचलून आपटणे तर साऱ्याच गटांत बंद. मानेभोवती पायांचा त्रिकोण बसलेला मुलगा उभा राहू लागला तर बारा वर्षांपर्यंतच्या गटात पंचाने पुढे सरसावून मुलांच्या मानेची काळजी घ्यायची असते. मोठ्यांच्या लढतीत पंच थापेची वाट पाहतो. मुलांच्या लढतीत त्याने वाट पाहायची नसते; हात पूर्ण अडकला आहे आणि इजा संभवते असे दिसताच त्याने लढत थांबवायची असते.

अशा वेळी गादीबाहेरून हमखास ओरड होते. 'त्याने थाप दिलेली नाही!' ओरडणारा बहुधा मुलाचा बाप असतो. पंचाने त्याच्याकडे पाहूही नये. आपल्या मुलाचा खांदा शाबूत राहिला याची जाणीव त्या बापाला घरी गेल्यावर होते, किंवा होतही नाही.

या खेळाच्या इतिहासातील एक प्रसंग येथे सांगायला हवा, कारण तो मुलांना फार चुकीच्या पद्धतीने सांगितला जातो. २००४ च्या जागतिक स्पर्धेत खुल्या वजनगटाची अंतिम लढत रोनाल्डो सूझा, टोपणनाव 'जाकारे', आणि रॉजर ग्रेसी यांच्यात झाली. जाकारे गुणांनी पुढे होता. ग्रेसीने त्याचा हात कोपरात पकडून ताणला. जाकारेने थाप दिली नाही, हात मोडला. तरीही तो निसटला, मोडका हात कमरेच्या पट्ट्यात खोचून त्याने उरलेली मिनिटे काढली आणि गुणांवर विश्वविजेता झाला. प्रसंग थरारक आहे यात शंका नाही. तो एका पूर्ण वाढलेल्या, जागतिक अजिंक्यपद हाताशी आलेल्या पुरुषाचा निर्णय होता आणि त्याची किंमत त्याने स्वतः मोजली. पण नऊ वर्षांच्या पोरांना गोलात बसवून ही कथा सांगणारा शिक्षक त्यांच्या हाडांशी खेळत असतो. गावातल्या स्पर्धेच्या प्लास्टिकच्या पदकासाठी मोडलेला हात हा पराक्रम नव्हे. वाढत्या हाडाच्या टोकाला इजा झाली तर हाताची वाढ बिघडू शकते, हे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. कथाकार सांगत नाहीत.

पराजिताने ठेवलेले नाव

हा खेळ ब्राझीलचा म्हणविला जातो, पण त्याचे बीज जपानचे. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही संस्था काढली आणि जपानी मल्लविद्येच्या जुन्या शाखांतून जुडोची बांधणी केली. त्यांच्या संस्थेत घडलेले माएदा मित्सुयो देशोदेशी लढती करीत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे अॅमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम शहरात स्थायिक झाले. १९४१ मध्ये त्यांचा अंत तेथेच झाला. त्यांच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसी या तरुणाकडे आली, कार्लोसकडून त्याच्या भावांकडे, आणि ग्रेसी घराण्याने तिला नवे वळण दिले. दुसरी एक शाखा लुईस फ्रांसा यांच्यामार्फत ओस्वाल्दो फाड्डा यांच्याकडे गेली. फाड्डा रिओच्या गरीब उपनगरात, बेंतो रिबेइरो येथे शिकवीत आणि ज्याच्याकडे पैसे नसत त्यालाही शिकवीत. १९५० च्या दशकाच्या मध्यास त्यांच्या शिष्यांनी ग्रेसींच्या शिष्यांना आव्हान दिले आणि पायावरच्या पेचांच्या बळावर हरविले. श्रीमंत वस्तीतल्यांनी त्या पेचांना 'उपनगरी' म्हणून नाक मुरडले. जगात सगळीकडे असेच असते म्हणायचे.

अशा व्याख्यानांत कोणीतरी उठून सांगतो की ही विद्या मुळात भारताचीच, बोधिधर्म ती घेऊन चीनला गेला आणि तेथून ती जपानला पोहोचली. श्रोते टाळ्या देतात. या कथेला इतिहासाचा भक्कम आधार नाही आणि तिची आपल्याला गरजही नाही. स्वतःच्या मल्लविद्येचा वारसा ज्यांच्याजवळ मल्लपुराणापासून शाहू महाराजांच्या खासबागेपर्यंत जिवंत आहे, त्यांनी दुसऱ्याच्या अंगणातले झाड आपले म्हणून दाखविण्यात कसला अभिमान?

अभिमान कसा बाळगावा, याचा एक धडा ब्राझीलनेच घालून दिला आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये रिओच्या माराकाना क्रीडांगणात हेलियो ग्रेसी आणि जपानचे जुडोवीर किमुरा मासाहिको यांची लढत झाली. किमुरांनी हेलियोंचा हात पाठीमागे पिरगळला. हेलियो थाप देईनात. अखेर त्यांच्या बाजूने टॉवेल फेकून हार मान्य करण्यात आली. त्यानंतर ब्राझीलच्या लोकांनी काय केले? ज्या पेचाने आपला श्रेष्ठ योद्धा हरला, त्या पेचाला त्यांनी विजेत्याचे नाव दिले. आज जगातील कोणत्याही गावातला सात वर्षांचा मुलगा तो पेच 'किमुरा' म्हणून शिकतो. पराभव लपविला गेला नाही, अभ्यासक्रमात घेतला गेला. स्वत्व टिकविण्याचा हा प्रकार घोषणा देण्याइतका सोपा नाही.

आपल्याकडेही तीच जपानी विद्या आली होती. १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून ताकागाकी शिंझो हे कोदोकानचे शिक्षक शांतिनिकेतनात आले आणि तेथे विद्यार्थी-विद्यार्थिनींना शिकवू लागले. रवींद्रनाथांची दृष्टी मोठी होती. पण त्या प्रयोगाभोवती गावोगावच्या लढतींची वीण विणली गेली नाही, आणि शिक्षक परतल्यावर तो स्मृतिरूपाने उरला. बेलेममध्ये मात्र बीज रुजले, कारण ते एका कुटुंबाने, मग एका शहराने, मग हजारो नवशिक्यांनी दर आठवड्याला पाणी घालून वाढविले.

अर्धा तास

मराठी माणसाचा या जुडो-जिउ-जित्सूच्या परिवाराशी एक हृद्य संबंध आहे, तो थोड्यांच्याच लक्षात असतो. १९५२ मध्ये हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकले. त्या गटाचे सुवर्णपदक नेणारा शोहाची इशी मूळचा जुडोपटू. महायुद्धानंतर अमेरिकी अमलाखालच्या जपानात जुडोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. त्याच्याशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर खाशाबांना सोविएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला लगेच उभे केले गेले. दोन लढतींमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो नियम दाखवून भांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हता, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी पुनःपुन्हा नोंदविले आहे. दमलेले खाशाबा हरले. खाशाबांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले, गावाने वर्गणी काढली. पैसा उभा राहिला. मैदानावर नियमपुस्तक हाती घेतलेला एक माणूस मात्र उभा राहिला नाही.

जिउ-जित्सूच्या नियमावलीत विश्रांतीचे गणित लिहून ठेवले आहे: दोन लढतींत निदान एका लढतीइतका वेळ, अंतिम लढतीपूर्वी दुप्पट. शाळेच्या क्रीडागृहातील टेबलाशी बसलेली स्वयंसेविका घड्याळ पाहून सांगते, 'या मुलाची अजून दोन मिनिटे बाकी आहेत, थांबा.' चार मिनिटांच्या लढतीनंतरची ही दोन मिनिटे पाळली जातात की नाही, यावर स्पर्धेची पत ठरते. क्रीडाकार्य म्हणजे खेळाडू घडविणे, असे समजून चालणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी त्या स्वयंसेविकेकडे जरा निरखून पाहावे.

तिकडचे सारेच अनुकरणीय आहे असे मात्र नव्हे. अमेरिकेतील अनेक स्पर्धांचे प्रवेशशुल्क शंभर डॉलरांच्या आसपास असते. दोन मुले असलेल्या कुटुंबाला प्रवासासह तो दिवस चांगलाच महाग पडतो. स्पर्धा हा तेथे धंदा आहे आणि धंद्याला गिऱ्हाईक जपावे लागते. गटात दोनच मुले असली तर हरलेल्यालाही रौप्यपदक मिळते आणि घरी जाऊन ते भिंतीवर लागते. काही प्रशिक्षक तयार विद्यार्थ्याला मुद्दाम वरचा पट्टा देत नाहीत, म्हणजे तो नवशिक्यांच्या गटात सहज जिंकत राहील. त्या विजयाने व्यायामशाळेची जाहिरात होते आणि समोरच्या खऱ्या नवशिक्याचा पहिलाच दिवस नासतो. पट्ट्याचा अर्थ त्याच्या रंगात नसून तो देणाऱ्याच्या सचोटीत असतो, हे आपल्या गुरुपरंपरेला वेगळे सांगायला नको. पण तेथेही पळवाटा आहेत आणि आपल्याकडेही वयाचे खोटे दाखले आहेत.

या बाबतीत आपली जत्रेतली कुस्ती कितीतरी निर्मळ. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, शुल्क नाही, नोंदणी नाही. जाणते वस्ताद दोन पोरांना शेजारी उभे करतात, दंडाला हात लावून पाहतात आणि जोड लावतात. ती नजर कोणत्याही वजनकाट्याहून कमी नाही. हलगी कडाडते, पोरे शड्डू ठोकतात, अख्खे गाव पाहत असते. त्या मातीतला आनंद शाळेच्या क्रीडागृहात नाही. परंतु हरलेल्या पोराची त्या दिवशी दुसरी कुस्ती लागत नाही. त्याचे नाव कोठे लिहिले जात नाही. पुढच्या गावच्या जत्रेत तो दिसला नाही तर कोणाला कळतही नाही. आणि त्याची बहीण, हल्ली गावोगावी मुलीही उत्तम लढत असताना, कित्येक फडांत अजून कडेला उभी राहून पाहते.

जिउ-जित्सूच्या आयोजकांनी यावर शोधलेला उपाय साधा आहे. बाद पद्धतीत चार मुलांच्या गटातली दोन मुले एकेक लढत खेळून घरी जातात. म्हणून नवशिक्यांच्या कित्येक स्पर्धांत साखळी पद्धत ठेवतात: गटातील प्रत्येक मूल प्रत्येकाशी लढते. पहिल्या लढतीत रडलेले मूल दुसरीत सावरते आणि तिसरीत, हरले तरी, पाठीवर पडल्यापडल्या पायांनी समोरच्याला रोखून धरू लागते. त्याच्या आईला फरक दिसतो. मुलालाही दिसतो. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा येते.

२०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत जिउ-जित्सूला प्रथम स्थान मिळाले, त्यामुळे भारतातही त्याचे वर्ग वाढत आहेत. मुंबई-पुण्यात ते आहेतच. आपल्या तालमींनी तो खेळ घ्यावा की न घ्यावा, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची घाई नाही. दुहेरी पट आणि ढाक ज्याला येते त्याला तो शिकायला वेळ लागणार नाही. अंगरख्याची पकड आणि पाठीवर पडून शांत राहणे एवढे दोन अभ्यास त्याला नवे. त्यांची स्पर्धेची रीत मात्र कुस्तीलाही लागू करता येते, आणि तिला खर्च नाही.

हिशेब करून पाहावा. तालुक्यातील तीन तालमींची मिळून चाळीस मुले-मुली जमली. वय आणि वजन पाहून चौघांचे दहा गट केले. साखळीत प्रत्येक गटाच्या सहा, म्हणजे एकूण साठ लढती. लढत तीन मिनिटांची. येणे-जाणे, नाव पुकारणे, निकाल लिहिणे धरून सहा मिनिटे. दोन गाद्या असल्या तर प्रत्येकीवर तीस लढती, म्हणजे तीन तास. प्रत्येक गादीवर दोन गट आलटून पालटून लढविले तर प्रत्येक मुलाला विश्रांतीही आपोआप मिळते. माणसे लागतात ती अशी: दोन पंच आणि त्यांना बदली दोन, दोन घड्याळवाले, दोन लिहिणारे, काट्यावर एक, आणि गावातला एक डॉक्टर. सकाळी आठला वजने घेऊन नऊला पहिली सलामी झाली, तर बाराला शेवटचे नाव वहीत चढते. तोवर चाळीसही जणांच्या तीन-तीन लढती झालेल्या असतात.